डोळ्यांनी घेतलेलं माप

घरच्यांची मापं आई टेपनं घेत नसे. बाहेरच्यांची घ्यायची, आणि चोख घ्यायची. गिऱ्हाईक बाई पोट आत ओढायला लागली की म्हणायची, "श्वास सोडा बाई, कपडा तुम्हाला घालायचाय, मला नाही." पण नवरा, मुली, वरच्या मजल्यावर राहणारी नणंद यांना तिनं कधी समोर उभं करून टेप लावली नाही. "रोज डोळ्यांसमोर असतात, त्यांना काय मोजायचं?" असं म्हणायची आणि सरळ कात्री चालवायची. कपडा असा बसायचा की नणंदसुद्धा नावं ठेवायला जागा शोधून दमायची आणि शेवटी बटणांच्या रंगावर घसरायची.

मुंगी मोठ्या शाळेत जाणार होती. जन्मली तेव्हा तळहाताएवढी होती म्हणून मुंगी. नाव ठेवताना पुढचा अंदाज कोणालाच आला नाही. आता मुंगी शेजारपाजारच्या मुलींपेक्षा डोकंभर उंच होती. खांदे रुंद, पाऊल दणकट. जिन्यावरून येताना दोन-दोन पायऱ्या घ्यायची, आणि खालचा भाडेकरू छताकडे बघून हात जोडायचा.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस आईला मान वर करायला सवड नसायची. त्या शाळेचे गणवेश शिवून घ्यायला अर्धा वर्ग तिच्याकडेच यायचा. पांढरा शर्ट, राखाडी स्कर्ट, खिशावर निळी पट्टी. रांगेनं पोरी यायच्या, ती खांदा, छाती, मुंढा मोजायची, खडूनं आकडे मांडायची, आणि प्रत्येक आईला तेच सांगायची, "आत माया सोडलीय दोन बोटं. वाढतं अंग आहे. पुढच्या वर्षी शिवण उसवून ढिलं करून देईन." मुंगीचे दोन शर्ट शेवटाला राहिले. एका दुपारी, हातातलं सगळं संपल्यावर, तिनं कापड पसरलं आणि खडूसुद्धा न लावता कापायला घेतलं. कात्री कशी सुरेख चालली. जशी काही तिला वाट माहीत होती.

याच शाळेत याआधी एक मुलगी या घरातून गेली होती. थोरली. बोलायची इतकं हळू की बाबांनी तिचं नावच कुजबूज ठेवलं होतं. खांदे आत ओढून चालायची, पुस्तकं छातीशी धरून, जिन्याच्या भिंतीला एक हात लावत. अर्धं वर्ष गेली शाळेत. सहामाहीची सुट्टी संपून शाळा पुन्हा उघडली, त्या दिवशी घरी आली ती मान दुखते म्हणत. रात्री ताप चढला. ताप डोक्यात गेला. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, आईबाबांनीही केलं, आणि आठवड्याच्या आत घरातलं एक ताट कमी झालं. मुंगी तेव्हा अक्षरं गिरवत होती.

त्याला आता सहा वर्षं झाली होती. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. दुखतं म्हणून नाही. कोणी सुरुवात केली तर थांबवायचं कोणी, हा प्रश्न होता.

शाळेच्या पहिल्या सकाळी मुंगी नवा शर्ट घालून आतल्या खोलीच्या दारात आली.

"आई, हा थोडा..." ती म्हणाली.

आईनं मशीनवरून मान वर केली आणि तिचा पाय पायट्यावरच थांबला. बाबा चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला. मुलीच्या पाठीमागे खिडकी होती, खिडकीत ऊन होतं, चेहरा नीट दिसत नव्हता. दिसत होते ते खांदे, आत ओढलेले. कोपरं अंगाला चिकटलेली. हनुवटी खाली.

 मुंगीनं आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. दोघांचे डोळे तिच्यावर असे खिळले होते की तिला आपल्या नाकाला काही लागलंय का असं वाटलं असणार.

"काय थोडा?" आईनं कसंबसं विचारलं.

"काही नाही," मुंगी म्हणाली. "छान आहे."

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दिवसभर लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून झटायचे आणि घरी आले की स्वतःचा चष्मा शोधायचे. त्या सकाळी ते मुंगी निघाल्यावर पाठोपाठ निघाले. दुकान उलट्या दिशेला. तरी ते शाळेच्या रस्त्याला लागले, समोरच्या फुटपाथनं, उन्हाची छत्री उघडून, तिच्याआड तोंड लपवून. दुसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच जायला लागले.

"दुकानात काय सांगता?" आईनं एकदा विचारलं.

"पोटाचं काहीतरी सांगितलंय."

"रोज?"

"पोटाचं काय, रोज असू शकतं." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "अगं, ती चालते..."

"माहितीये."

"नाही, पण अगदी..."

"माहितीये म्हटलं ना."

 भीतीही होती त्यात, पण खोटं कशाला बोला, नुसती भीती नव्हती. उपाशी माणसाला भरल्या स्वयंपाकघराचा वास यावा तसं काहीतरी होतं. जवळ जायची लाज वाटत होती आणि पाय तिकडेच ओढत होते.

त्या रात्री जेवताना मुंगी सहज म्हणाली, "बाबा, उद्या छत्री नको. ढग आहेत. उघडी छत्री बघून पोरी विचारतात, ते काका कोणाचे?"

बाबांना ठसका लागला. "मग तू काय सांगतेस?"

"सांगते, ओळखीचे आहेत."

मग ते बिनछत्रीचे जायला लागले.

घर हळूहळू बदललं. जिन्यावर आता धाडधाड पावलं वाजत नव्हती. मुंगी एकेक पायरी चढायची, सावकाश. दप्तर पाठीला न लावता छातीशी धरायची. आई मशीन थांबवून ऐकत बसायची. पाऊल, मग भिंतीवर घासणारा हात, मग पाऊल. दार लोटलं जायच्या आधीचा तो क्षण तिला दिवसातला सगळ्यात लांब वाटायचा आणि सगळ्यात छोटाही. दार उघडलं की मुंगीच असायची. पण उघडेपर्यंत कोणीही असू शकलं असतं.

मुंगी आपला गणवेश आता स्वतः धुवायची, स्वतः इस्त्री करायची. "मोठ्या शाळेत गेले ना मी," म्हणायची. आईला कौतुक वाटलं. आळशी पोरगी, शाळा बदलली आणि वळण लागलं, असं तिनं दोन-तीन गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं.

एकदा संध्याकाळी मुंगी पाठमोरी उभी होती, शाळेच्याच कपड्यांत, खिडकीशी. आई भाजी चिरत होती. तिला कळलंसुद्धा नाही कधी तोंडातून निघालं ते.

"कुजबुजे, तो दिवा लाव गं."

सुरी थांबली. खालच्या नळाचं पाणी ऐकू आलं.

"ओ," मुलगी हळूच म्हणाली. आणि दिवा लावला.

आईनं वळून बघितलं नाही. तिला बघायचं नव्हतं. त्या "ओ"नंतर तिनं चिरलेली भाजी पुन्हा चिरली, मग पुन्हा, आणि जेवताना बाबा म्हणाले, "ही चटणी कसली केलीस?" तेव्हा तिला हसू आलं आणि ती पाणी आणायला उठली.

आत्या म्हणजे वरच्या मजल्यावरची नणंद. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि दार वाजवायची तिला सवय नव्हती. एका दुपारी आली, खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "अगं, पोरीचे ओठ कोणी शिवले? तूच नाही ना शिवलेस, मशीन समोरच आहे म्हणून?"

"मोठी होतेय, वन्सं."

"मोठी होतेय की आखडतेय? सुकलेल्या पापडासारखी चालते. शर्ट आवळत तर नाही ना तिला?"

आईच्या कपाळावर आठी चढली. "माझ्या हातचा शर्ट आवळेल?"

"झालं. आता मी बटणांबद्दलही बोलायला नको." आत्या उठली. दारातून मागे वळून म्हणाली, "सहा वर्षांत तुला मी इतकी खुश बघितली नव्हती. आणि पोरीला इतकी गप्प. मला आपलं बरं नाही वाटत, बाई."

आईनं मशीन सुरू केलं. मशीनचा एक फायदा असतो, ते चालू असलं की ऐकू येत नाही असं म्हणता येतं.

सहामाही संपता संपता पालकांना शाळेत बोलावलं. दोघं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली. वर्गशिक्षिका तरुण होती, नवी होती. थोरलीच्या वेळची नव्हती. आईला आधी बरं वाटलं, मग वाईट वाटलं.

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पण हात वर करत नाही. उत्तर येत असतं तिला, तोंडावर दिसतं तिच्या. हात कोपरापर्यंत येतो आणि खाली जातो."

"लाजते," आई म्हणाली. थोरलीच्या बाईही हेच सांगायच्या, याच खोलीत. आईनं बाकाखाली बाबांचा हात शोधला.

"लाजते?" बाई हसल्या. "मधल्या सुट्टीत बघा तिला. माझी नक्कल करते. मला पोरींनी सांगितलं, इतकी चांगली करते म्हणे की मलाच बघायचीय. लाजबीज काही नाही हो. पण वर्गात बसली की... आणि हो, खेळाच्या बाई म्हणत होत्या, चेंडू फेकायला सांगितला की बाजूला बसते. हात दुखतो म्हणते."



 परतताना कोपऱ्यावर, रस्ता ओलांडायला थांबली असताना, बाबा म्हणाले, "मान नाही म्हणाली. हात म्हणाली."

"हात कुठे असतो? मानेलाच लागून ना?"

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली. आईनं मुंगीच्या कपाळाला हात लावायचा सपाटा सुरू केला. उठल्यावर, जेवताना, ती वाचत बसली की मागून येऊन. "आई, झिजेल ना कपाळ," मुंगी म्हणाली. दवाखान्यातही नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितला, तर घरच्या ढगळ झग्यातल्या मुंगीनं दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवले. टेबलावरची बाटली वाचली ती नशिबानं. "हिला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी आणाल तर आधी टेबल आवरून ठेवते."

सुट्टीत जिना पुन्हा वाजायला लागला. खालचा भाडेकरू पुन्हा हात जोडायला लागला. मुंगी आत्याकडे जाऊन मोठमोठ्यानं हसायची, खाली ऐकू यायचं. आईनं ते ऐकलं, पण त्याचं काही मनात जुळवलं नाही. तिचं सगळं लक्ष एका दिवसावर लागलं होतं. शाळा पुन्हा उघडायच्या दिवसावर. बाबांनी दिनदर्शिका भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवली, जसं काही त्यानं दिवस यायचा राहणार होता. आईनं ती तिथे बघितली आणि तिथेच राहू दिली.

शेवटच्या दुपारी मुंगी आत्याची लोकर गुंडाळायला वर गेली होती. उद्या शाळा. आईला स्वस्थ बसवेना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं मुंगीचा शर्ट घेतला, म्हटलं इस्त्री तरी करू. इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं सुरू करायची तिची पद्धत. तिनं शर्ट उलटा केला.

बाही जिथे खांद्याला जोडतात ती मुंढ्याची शिवण उसवली होती. आणि शिवली होती. तिनं नव्हती शिवली. पांढऱ्या कापडावर पिवळसर दोरा, टाके मोठे-छोटे, वाकडे, काही एकावर एक, गाठी तर वाटाण्याएवढ्या. एका जागी पुन्हा उसवून पुन्हा शिवलं होतं. तिनं दुसरा शर्ट काढला. तिथेही तेच. काखेत, पाठीवर खांद्याच्या रेषेत. एवढे दिवस कोणीतरी या घरात, तिच्या मशीनपासून चार हातांवर, चोरून सुई चालवत होतं.

दोन बाजूंची शिवण उसवून ढिली करायची म्हणून तिनं आतली माया बघितली. माया नव्हती. शिवणीच्या आत नखाएवढंही कापड सोडलेलं नव्हतं. प्रत्येक परक्या पोरीच्या शर्टात दोन बोटं सोडली होती तिनं. हा शर्ट ज्या मुलीसाठी कापला होता ती वाढणार नव्हती.

आईनं गळ्यातली टेप काढली आणि शर्टाचा खांदा मोजला. आकडा वाचायची गरज नव्हती. तो बोटांना पाठ होता.

ती खुर्चीत बसली. इस्त्री तापत राहिली. थोड्या वेळानं जिना धाडधाड वाजला आणि मुंगी आत आली, केसांत लोकरीचे धागे घेऊन. आईच्या मांडीवर उलटा केलेला शर्ट बघून ती दारातच थांबली.

"घाल हा," आई म्हणाली.

मुंगीनं घातला. आई तिच्यासमोर उभी राहिली, आणि यावेळी खिडकीतून ऊन येत नव्हतं. तिनं बघितलं. बटणांच्या मध्ये कापड ताणून फाकत होतं. म्हणून दप्तर छातीशी. काखेत कापड रुतलं होतं; म्हणून कोपरं अंगाला. खांदे आत ओढले नसते तर पाठ फाटली असती. एकेक गोष्ट कळत गेली तसतशी समोरची ती दुसरी मुलगी एकेका ठिकाणाहून निघून जायला लागली. आधी कोपरातून, मग हनुवटीतून.

"हात वर कर."

मुंगीनं कोपरापर्यंत केला.

"पूर्ण."

"आई, उसवेल."

"उसवू दे."

टर्र. पिवळ्या दोऱ्याचा टाका न् टाका सुटला. काखेत सुट्टीतही न गेलेला वळ होता, वरचं कातडं घासून चकाकणारा.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पहिल्याच दिवशी."

"मग?"

मुंगी सुटलेल्या दोऱ्याशी खेळत राहिली. "तुम्ही दोघं बघत होता ना."

"काय बघत होतो?"

"मला. म्हणजे मला नाही, ते कळलं मला. मी काय बाळ आहे? पण डोळे तर माझ्यावरच होते." तिनं दोरा ओढला. "बाबा आधी कधी आले होते माझ्या मागून? आणि मला वाटलं, ताईला पण जरा शाळेत जायला मिळेल. तिचं अर्धंच वर्ष झालं होतं."

 आईनं तिच्या केसांतला लोकरीचा एक धागा काढला.

"फक्त उद्याचं कळत नव्हतं," मुंगी म्हणाली. "उद्यापर्यंतच ती होती ना. त्याच्यापुढे ती कशी चालायची ते तुम्हालाही माहीत नाही. मग मी कशी चालू?"

इस्त्रीखालच्या फडक्याचा करपल्याचा वास आला म्हणून दोघी हलल्या, नाहीतर तशाच उभ्या राहिल्या असत्या. आईनं इस्त्री बंद केली. करपलेलं फडकं खिडकीबाहेर झटकलं. मग टेप हातात घेतली.

"काढ तो. सरळ उभी राहा."

"घरच्यांना लावत नाहीस ना टेप?"

"आता लावते. श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, कपडा तुला घालायचाय."

खांदा मोजताना तिला टेप पुढे सरकवावी लागली, अजून पुढे. एवढे खांदे! एवढी मुलगी कधीपासून या घरात राहत होती? तिनं पाठ मोजली, मुंढा मोजला, मनगट मोजलं. मनगटाचं या शर्टाला काही काम नव्हतं. तरी मोजलं. मुंगीला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली, तिच्या त्या खालच्या मजल्यावर ऐकू जाणाऱ्या हसण्यानं.

बाबा लवकर आले. पोटाचं कारण सांगून आले होते, आणि यावेळी ते खरं असावं असा चेहरा होता. आईनं त्यांना उसवलेला शर्ट दाखवला, सांगितलं, आणि ते पलंगाच्या कडेला टेकले. चष्मा काढून पुसत राहिले.

"मग मी इतके दिवस कोणाच्या मागून चालत होतो?"



"माझ्याच," मुंगी म्हणाली. "तुमच्या छत्रीनं एकदा माझ्याच बाईंना ढोसलं होतं."

दिवेलागणीपर्यंत शर्ट तयार झाला. गणवेशांच्या गठ्ठ्यातलं उरलेलं कापड पुरलं. बाबांनी बटणं लावली. काचा घासणाऱ्या हाताला ते जमलं. शिवणीच्या आत आईनं दोन बोटं माया सोडली, मग थोडी अजून. आत्या येऊन बघून गेली. "बटणं बरी आहेत," एवढंच म्हणाली, आणि जाताना मुंगीच्या डोक्यावर एक टपली मारून गेली.

सकाळी मुंगी दारात आली. खिडकीत ऊन होतं. तिनं दोन्ही हात वर करून आळस दिला आणि कोपरानं खडूचा डबा खाली पाडला. आईनं बघितलं. ताठ मान, रुंद खांदे, केस नेहमीसारखे एका बाजूला सुटलेले. दारात मुंगी होती. मुंगीच होती, दुसरं कोणी नाही.

आणि आईला वाटलं, खोलीतून कोणीतरी उठून गेलं. न सांगता, हळू, भिंतीला हात लावत. पहिल्या वेळी निदान रडायला माणसं जमली होती. तिनं वाकून खडू गोळा केले, एकेक करून, जितका वेळ लावता येईल तितका लावून.

बाबांनी खुंटीवरच्या छत्रीला हात लावला आणि काढून घेतला. ते दारातून बाहेर पडले आणि दुकानाच्या दिशेला गेले. कोपऱ्यावर वळून पाहिलं असेल. आईनं खिडकीतून ते बघायचं टाळलं, कारण मग तीही खाली धावली असती. जिना धाडधाड वाजत खाली गेला.

तो दिवस तिनं एकाच स्कर्टाच्या पट्ट्यावर काढला. शिवलं, उसवलं, शिवलं. दुपारनंतर बाबा आले.

"आज काय सांगितलंत?"

"आज काही सांगितलं नाही. उठलो आणि आलो."

दोघं बसून राहिली. मशीन बंद. शाळा सुटायची वेळ झाली, मग होऊन गेली. खालच्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. असंच बसल्या जागी त्या दुपारीही ऐकू आलं असेल, आणि मग हळू पावलं, आणि मग मान दुखते आई. बाबांनी चष्मा काढला, घातला. आई जिन्याकडे कान लावून होती, आणि तिला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण नेमका कोणता आवाज यावा म्हणून बसलोय.

धाड. धाड. धाड.

दार भिंतीवर आपटलं. मुंगी घामाघूम, दप्तर एका खांद्यावर, शर्टाला तळहाताएवढा मातीचा डाग.

"आज हात वर केला!"

"मग?" बाबा उठूनच उभे राहिले.

"मग काय, उत्तर चुकलं. सगळा वर्ग हसला."

"मग?"

"मग मी पण हसले. बाबा, किती मग? आई, घे, कपाळ बघ एकदाचं आणि खायला दे."

आईनं कपाळ बघितलं. गार होतं, घामानं ओलं होतं. हात तिथेच जरा जास्त राहिला. मग तिनं मुंगीला खायला वाढलं, दार लावायला गेली आणि कडीला हात लावून थांबली. जिना रिकामा होता. वळणावरच्या भिंतीवर, बरोबर एका छोट्या मुलीचा हात पोहोचेल त्या उंचीवर, रंग घासून गेलेली रेघ होती. संध्याकाळचा वारा खालून वर येत होता.

"असू दे जरा उघडं," बाबा मागून हळूच म्हणाले.

मुंगीनं आईच्या पाठीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. एक घास तोंडात होता, तो तिनं गिळला.

"पण मला वारा लागतोय," ती म्हणाली.

आईनं दार लावलं.